बंद पडलेला व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर : दोष कसा शोधावा?

आपल्या अभ्यासक्रमात व्हॉल्व्हला आता जागा राहिलेली नाही. १९०४ साली फ्लेमिंगनं डायोड केला, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टनं त्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला आणि १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आल्यावर हे सगळं मागं पडलं, एवढं व्हायवात सांगितलं की पुरतं. मग व्हॉल्व्हवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. आयसी बंद पडला तर तो उघडून आत पाहता येत नाही, काढून दुसरा लावावा लागतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये मात्र प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, प्रत्येक टोकावर मीटर लावता येतो. दोष शोधायची शिस्त शिकायला याच्यासारखी दुसरी पाटी नाही.

उदाहरण माझ्या गावचं घेतो. गाव रिद्धपूर, तालुका मोर्शी. मराठी भाषा विद्यापीठामुळे हे नाव आता बऱ्याच जणांच्या कानावर आहे. आमच्या मोठ्या काकांनी १९७८ मध्ये भजनी मंडळासाठी घरीच एक अॅम्प्लिफायर बांधला होता. जुन्या रेडिओतून काढलेले सुटे भाग, हातानं कापलेली पत्र्याची चासी आणि मागवून घेतलेले दोन ट्रान्सफॉर्मर. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा तो मुका झाला होता. मंडळाच्या बैठकीत तो भंगारात द्यायचं जवळपास ठरलं होतं. काकांच्या डब्यात ईएल ८४ चा एकच जादा व्हॉल्व्ह शिल्लक होता आणि "तो लावून पाहा, नाही चालला तर देऊन टाकू" असा सगळ्यांचा सूर होता. तो व्हॉल्व्ह मी का लावला नाही, हेच या लेखात सांगायचं आहे.

अॅम्प्लिफायरची ओळख

सर्किट अगदी साधं आहे. मायक्रोफोनचा सिग्नल ईसीसी ८३ या दुहेरी ट्रायोडमधून दोन टप्प्यांत वाढतो. तिथून तो एका कपलिंग कपॅसिटरमधून (०.०२ मायक्रोफॅरड) ईएल ८४ या पेंटोडच्या ग्रिडवर जातो. ईएल ८४ आऊटपुट ट्रान्सफॉर्मर चालवतो आणि ट्रान्सफॉर्मर स्पीकर चालवतो. पॉवर सप्लायमध्ये २५०-०-२५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ईझेड ८१ रेक्टिफायर, दोन ४७ मायक्रोफॅरडचे फिल्टर कपॅसिटर आणि त्यांच्यामध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर. तिन्ही व्हॉल्व्हचे हीटर ६.३ व्होल्टवर चालतात. ईएल ८४ च्या कॅथोडला १५० ओहम आणि ग्रिडपासून चासीला ४७० किलोओहम. हाय व्होल्टेजच्या लाइनमध्ये १२५ मिलीअँपिअरचा फ्यूज.

१५० ओहमच्या रेझिस्टरचं काम नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. व्हॉल्व्हमधून जाणारा सगळा करंट त्यातून जातो, त्यामुळे कॅथोड चासीपेक्षा सुमारे ७.८ व्होल्ट वर राहतो. ग्रिड ४७० किलोओहममधून चासीला बांधलेला, म्हणजे शून्यावर. अर्थात कॅथोडच्या मानानं ग्रिड ७.८ व्होल्ट ऋण झाला. हाच बायस. ७.८ भागिले १५० म्हणजे ५२ मिलीअँपिअर. एका रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं की व्हॉल्व्ह किती काम करतोय ते कळतं, वेगळा अँमीटर लागत नाही.

आधी जीव, मग अॅम्प्लिफायर

हा परिच्छेद गाळून पुढं जाऊ नका. आपण लॅबमध्ये ५ आणि १२ व्होल्टवर काम करतो, त्यामुळे हाताला भीती राहिलेली नसते. इथं ३०० व्होल्ट डीसी आहे आणि तो माणूस मारू शकतो. शिवाय प्लग काढला म्हणजे धोका संपला असं होत नाही. फिल्टर कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये गरम व्हॉल्व्ह तो चार्ज थोड्या वेळात ओढून घेतात. पण बिघडलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये हाच मार्ग तुटलेला असू शकतो. म्हणजे ज्या पेटीत आपण हात घालणार, तीच जास्त धोक्याची.

म्हणून नियम असे :

१) प्लग काढा. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडून ठेवा आणि तो फिल्टर कपॅसिटरवर १० सेकंद धरा. नंतर मीटरनं मोजून शून्याजवळ आलं का ते पाहा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढायची पद्धत सोडून द्या.

२) चालू सर्किटमध्ये मोजताना काळा प्रोब क्लिपनं चासीला लावा आणि एकाच हातानं काम करा. दुसरा हात खिशात. पायात चप्पल, खाली कोरडी फळी.

३) स्पीकर किंवा त्याच्या जागी १० वॉटचा योग्य ओहमचा रेझिस्टर जोडल्याशिवाय आऊटपुट व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर वाजवू नका. भार नसताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर मोठं व्होल्टेज तयार होऊन तो जळू शकतो.

४) होस्टेलच्या खोलीत एकट्यानं रात्री दोनला हे काम करू नका. जवळ कुणीतरी असू द्या आणि मेन स्विच कुठं आहे ते त्याला आधी दाखवून ठेवा.

पहिली पायरी : विचारपूस आणि डोळे

मीटर काढायच्या आधी विचारा. कधी बंद पडला? एकदम की हळूहळू? आधी आवाज बदलला होता का? कुणी काही केलं का? आमच्याकडे असं कळलं की दोनेक महिन्यांपासून भजनाच्या शेवटी शेवटी आवाज फाटायचा. मग फ्यूज उडायला लागला, आधी महिन्यातून एकदा, नंतर दर आठवड्याला. शेवटी कंटाळून कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधली. त्यानंतर तो दोन दिवस वाजला आणि मग मुका झाला.

मोर्शीला एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, त्यांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "फ्यूज उडला त त्याचा काय दोष गा? थो त सांगून राह्यला का घरात चोर शिरला. तुमी सांगणाऱ्याचंच तोंड बांधून टाकलं!" माझ्या मते एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी लेखाचं काम झालं.

मग डोळे. चासी उलटी केली. ईएल ८४ च्या सॉकेटजवळचा १५० ओहमचा रेझिस्टर काळा पडलेला. त्याच्या शेजारचा २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक फुगलेला. व्हॉल्व्हच्या काचेतला चंदेरी डाग मात्र शाबूत होता. हा डाग पांढरा पडला तर काचेत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला असं समजावं.

इथंच बहुतेक जण थांबतात. रेझिस्टर जळला, नवीन लावा, झालं. पण रेझिस्टर आपणहून जळत नाही, त्याला कुणीतरी जाळतं.

दुसरी पायरी : सिरीज बल्ब

योग्य किमतीचा फ्यूज परत बसवला आणि १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून अॅम्प्लिफायर चालू केला. बल्ब तंतूचा हवा, एलईडीचा चालत नाही. हीटर थंड असताना बल्ब जरा उजळतो आणि मग मंदावतो. तो भगभगीत पेटूनच राहिला तर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर किंवा फिल्टर कपॅसिटरमध्ये शॉर्ट आहे. आमचा मंदावला. म्हणजे सप्लायमध्ये शॉर्ट नाही. एवढं कळल्यावर बल्ब काढायचा, कारण तो असताना सगळी व्होल्टेज कमी दिसतात.

तिसरी पायरी : मोजणी

वहीत दोन रकाने करा. एकात काय असायला हवं, दुसऱ्यात काय मिळालं. आमचे आकडे असे होते :

ईझेड ८१ चा कॅथोड (पिन ३) : हवे २९०, मिळाले ३४० व्होल्ट
४७० ओहमच्या पुढे : हवे २६५, मिळाले ३३९
ईएल ८४ चा अॅनोड (पिन ७) : हवे २५३, मिळाले ३३९
ईएल ८४ चा कॅथोड (पिन ३) : हवे ७.८, मिळाले ३३
हीटर (पिन ४ आणि ५ मध्ये, एसी) : हवे ६.३, मिळाले ६.४

आता मीटर बाजूला ठेवा आणि आकड्यांकडे पाहा. व्होल्टेज कमी नाही, उलट जास्त आहे. आवाज नाही म्हणजे व्होल्टेज नसेल असा आपला समज असतो, तो इथं खोटा ठरला. ४७० ओहमवर फक्त १ व्होल्टची घट आहे. १ भागिले ४७० म्हणजे सुमारे २ मिलीअँपिअर. एवढा तर एकटा ईसीसी ८३ घेतो. म्हणजे ईएल ८४ काहीच घेत नाही. सप्लायवर भार नाही म्हणून व्होल्टेज वर चढलं.

ईएल ८४ करंट का घेत नाही? मार्ग तुटला असेल तर दोन जागा : अॅनोडकडचा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा कॅथोडकडचा रेझिस्टर. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली असती तर अॅनोडवर व्होल्टेजच आलं नसतं आणि स्क्रीन ग्रिड लालभडक दिसली असती. इथं अॅनोडवर पूर्ण व्होल्टेज आहे आणि कॅथोड ३३ वर चढलाय. म्हणजे कॅथोडचा रेझिस्टर उघडा. प्लग काढून, चार्ज उतरवून ओहमवर पाहिलं, तर तसंच निघालं.

चौथी पायरी : रेझिस्टर कुणी जाळला?

हा रेझिस्टर अर्ध्या वॉटचा होता. नेहमी त्यात ७.८ गुणिले ७.८ भागिले १५० म्हणजे ०.४१ वॉट जळतो. अर्ध्या वॉटच्या भागाला ही तशी काठावरचीच नोकरी. तरी त्यानं ती ४५ वर्षं केली. म्हणजे अलीकडे काहीतरी वाढलं.

करंट वाढायला दोन मुख्य संशयित. पहिला : कपलिंग कपॅसिटर गळका झाला आणि मागच्या व्हॉल्व्हच्या अॅनोडवरचं धन व्होल्टेज ग्रिडवर यायला लागलं. दुसरा : ईएल ८४ मध्येच गॅस झाला आणि त्याचा ग्रिड स्वतःच धन होतो. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखी. आवाज फाटतो, अॅनोड लाल होतो, फ्यूज उडतो.

यांना वेगळं करायची परीक्षा फार सोपी आहे. ईएल ८४ सॉकेटमधून काढा. अॅम्प्लिफायर चालू करा. रिकाम्या सॉकेटच्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडच्या जागी, मोजा. व्हॉल्व्हच नाही, तेव्हा तिथं शून्य यायला हवं. शून्य आलं आणि व्हॉल्व्ह लावून तापल्यावर धन झालं, तर दोषी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह नसतानाही धन आलं, तर दोषी कपॅसिटर.

आमच्या सॉकेटवर आले ८.४ व्होल्ट धन.

त्या वेळी ईसीसी ८३ च्या अॅनोडवर २०० व्होल्ट होते. ४७० किलोओहममधून ८.४ व्होल्टला सुमारे १८ मायक्रोअँपिअर जातात. तेवढेच कपॅसिटरमधून गळतायत. १९१.६ भागिले १८ मायक्रोअँपिअर म्हणजे अंदाजे १०.७ मेगाओहम. ऐकायला मोठा आकडा आहे, पण चांगल्या कपॅसिटरचा रोध हजारो मेगाओहम असतो. नेहमीच्या भारावर ईसीसी ८३ चा अॅनोड १६० वर असतो, तेव्हा याच गळतीनं ग्रिडवर ६.७ व्होल्ट धन येतात. बायसवर पाणी! हिशोब केला तर ईएल ८४ मधला करंट ८० मिलीअँपिअरच्या आसपास जातो, कॅथोड १२ व्होल्टवर आणि रेझिस्टरमध्ये ०.९६ वॉट. अर्ध्या वॉटच्या रेझिस्टरला दुप्पट. ईएल ८४ च्या अॅनोडची मर्यादा १२ वॉट आहे, तीही ओलांडली जाते. फ्यूज याच जादा करंटनं उडत होता. तार बांधल्यावर तो मार्ग बंद झाला आणि मग जळायची पाळी रेझिस्टरवर आली.

आता बघा, पहिल्याच दिवशी नवा रेझिस्टर आणि डब्यातला शेवटचा ईएल ८४ लावला असता तर? अॅम्प्लिफायर नक्की वाजला असता. सगळे खूशही झाले असते. आणि दोन-चार भजनांत तो व्हॉल्व्हही लाल होऊन गेला असता. काकांचे ईएल ८४ बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत. या कंपनीनं १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवले. तसे व्हॉल्व्ह आता जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात, नवीन हवे तर स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनचे.

मीटरबद्दल दोन शब्द

तो कपॅसिटर काढून ओहमच्या रेंजवर लावला, तर मीटरनं तो चांगलाच दाखवला. मीटर खोटं बोलला नाही. तो तपासताना फक्त काही व्होल्ट देतो आणि कागदी कपॅसिटरची गळती खरी दिसते ती १५०-२०० व्होल्टवर. म्हणून भाग ज्या व्होल्टेजवर काम करतो त्याच व्होल्टेजवर तपासावा.

दुसरं असं, की आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरचा इनपुट रोध साधारण १ मेगाओहम असतो. ४७० किलोओहमच्या जागी तो लावला की तोच भार होऊन बसतो. हीच जागा त्यानं मोजली असती तर ८.४ ऐवजी ६ च्या आतच आकडा आला असता. दोष कळला असता, पण हिशोब चुकला असता. १० मेगाओहमचा मीटर वापरा.

दुरुस्ती

कपलिंग कपॅसिटर : ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिएस्टर. जुना कागदी होता, ओल धरलेला, आणि ईएल ८४ च्या गरम सॉकेटला चिकटून बसवलेला. नवा जरा लांब ठेवला. कॅथोडचा रेझिस्टर : १५० ओहम, ३ वॉट. त्यावरचा इलेक्ट्रोलिटिक : १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट. तिन्ही भाग अमरावतीत दोन मित्रांच्या चहा-नाश्त्याच्या पैशात आले.

आधी ईएल ८४ न लावता चालू करून पिन २ वर शून्य पाहिलं. मग जुनाच ईएल ८४ लावला. कॅथोडवर ७.६ व्होल्ट. अर्धा तास तापू दिला आणि ग्रिड पुन्हा मोजला, शून्यच. म्हणजे व्हॉल्व्हमध्ये गॅस नाही, तो एवढं सोसूनही वाचलाय. डब्यातला जादा व्हॉल्व्ह डब्यातच राहिला आणि भंगाराचा विषयही मागे पडला.

गावच्या विजेचा वाटा

आमच्या भागात संत्र्याच्या बागा आणि विहिरींवरचे पंप. पंप चालू असताना व्होल्टेज पडतं, रात्री भार उतरला की चढतं. मी घरच्या प्लगवर नोंद केली : संध्याकाळी सातला १८५, रात्री अकराला २४८. याचा अर्थ हीटरवर सातला ५.१ आणि अकराला ६.८ व्होल्ट. हीटरला साधारण १० टक्के कमी-जास्त चालतं. ५.१ वर कॅथोड पुरेसा तापत नाही, आवाज बारीक आणि फाटका येतो आणि चांगला व्हॉल्व्ह "कमजोर" ठरतो. म्हणून आवाजाची तक्रार आली की आधी प्लग मोजा. आमच्याकडे आता अॅम्प्लिफायरच्या आधी स्टॅबिलायझर आहे.

इतर काही लक्षणं

सतत घूं असा आवाज १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत. ५० हर्ट्झचा असेल तर हीटरची वायरिंग, अर्थिंग किंवा सुटलेला ग्रिडचा जोड पाहा. खरखर येत असेल तर पेन्सिलीनं हळूच एकेक व्हॉल्व्ह टिचकवा, बहुतेक वेळा सॉकेटचे पिन मळलेले असतात. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. पण इलेक्ट्रोडच्या मधोमध जांभळा धूसर उजेड दिसला तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. आणि सगळी व्होल्टेज ठीक असून आवाज नसेल, तर फंक्शन जनरेटरचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टच्या कपॅसिटरमधून आधी ईएल ८४ च्या ग्रिडला द्या. आवाज आला तर दोष मागच्या अर्ध्यात, नाही आला तर पुढच्या. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा.

नोंद ठेवा

शेवटचं, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी. काकांनी अॅम्प्लिफायर बांधला तेव्हाच प्रत्येक पिनचं व्होल्टेज एका वहीत लिहून ठेवलं होतं. वर दिलेले "हवे" चे आकडे त्याच वहीतले आहेत. ती नसती तर ३४० व्होल्ट जास्त आहेत की बरोबर, हे मला ठरवताच आलं नसतं. तसं आमच्या गावाला नोंदीचं महत्त्व नवं नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी ते प्रसंग पाहिले त्यांना विचारून विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि रिद्धपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. विचारा, तपासा, मग लिहा. आपल्या प्रोजेक्टलाही हेच लागू आहे. सर्किट चालत असतानाच त्याची व्होल्टेज लिहून ठेवा, कारण बंद पडल्यावर ती सांगायला कुणी नसतं.

ज्युनिअर मित्रांना एवढंच सांगेन : घरी माळ्यावर एखादा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अॅम्प्लिफायर असेल, तर सुट्टीत खाली उतरवा. धूळ झटका, चार्ज उतरवा, वहीत दोन रकाने करा. पण कुठलाही भाग बदलण्याआधी, तो का गेला याचं उत्तर आकड्यांत मिळालं पाहिजे. आणि फ्यूजच्या जागी तार कधीच नको.